एगोनचा आवाज आणि ऑटमारचं नाव

आमच्या टानेनरोडच्या एगोन क्लाप्रोटचे धंदे दोन, आणि दोन्ही तोंडाचे. आठवडाभर तो मेलेल्यांविषयी बोलायचा आणि शनिवारी जिवंतांविषयी. त्याची बायको रेनाटे म्हणायची, "मी ना मेलेय, ना फुटबॉल खेळते. मग माझ्याशी कशाला बोलेल?"

मी या गावात बस चालवण्यात आयुष्य घालवलं. ड्रायव्हरच्या मागच्या दोन बाकांवर जे बोललं जातं ते पाद्र्याच्या कानावरही जात नाही. त्यामुळे मी सांगतो ते ऐकीव असलं तरी खात्रीचं आहे. निदान माझी खात्री आहे.

तर एगोन. चर्चचा कर चुकवायला चर्चमधून नाव काढून घेतलेली माणसं आमच्याकडे ढिगानं. जिवंतपणी कर वाचतो, पण मेल्यावर कबरीपाशी चार शब्द बोलायला पाद्री येत नाही. तिथे एगोनला बोलावतात. काळा ओव्हरकोट, गालात खोकल्याची गोळी आणि काळीभोर मिशी. मिशी रंगवत नाही असं तो म्हणतो. रेनाटे काहीच म्हणत नाही, आणि नवऱ्याच्या मिशीविषयी बायको गप्प बसली की समजायचं ते समजावं. पण आवाज! ज्या म्हाताऱ्याला हयातीत शेजाऱ्यानं शिडीसुद्धा उसनी दिली नसती, तोही एगोनच्या तोंडून ऐकला की गावाला पोरकं करून गेल्यासारखा वाटायचा.

शनिवारी तोच कोट, फक्त आत हिरवा-पांढरा मफलर. स्टेडियमच्या छपराखाली लाकडी खोपटं आहे, त्यात बसून एगोन माइकवर नावं पुकारायचा. रीत अशी, की त्यानं खेळाडूचं पहिलं नाव घ्यायचं आणि थांबायचं. आडनाव लोकांनी ओरडायचं. आपला गोल झाला की गोल करणाऱ्याचं नाव असंच तीनदा. मग एगोन म्हणणार, "आभारी आहे!" आणि सगळं स्टेडियम एका आवाजात, "असू द्या!" आमच्याकडची पोरं आईला हाक मारायच्या आधी "असू द्या" म्हणायला शिकतात.

आमचा क्लब म्हणजे काय होता? स्क्रूच्या कारखान्यातल्या कामगारांनी काढलेला, तिसऱ्या विभागात रुतून बसलेला. मोठ्या क्लबांनी टाकून दिलेली पोरं आम्ही उचलायची. कुणाचा गुडघा बिघडलेला, कुणाचं डोकं. तेवढ्यावर आम्ही दुसऱ्यात गेलो, मग पहिल्यात गेलो, आणि एका वर्षी पहिल्यातही इतके वर आलो, की युरोपच्या स्पर्धेत खेळायचं निमंत्रणच आलं. 'सोनेरी हरण' या आमच्या नेहमीच्या गुत्त्यात त्या दिवशी टेबलावरचे बिअरचे पेले तसेच राहिले. शेवटी माझा मित्र गेर्नोट म्हणाला, "म्हणजे आता विमानानं जायचं का? मला उलटी होते."

आणि त्याच उन्हाळ्यात ऑटमार कुंकेल गेला.

ऑटमार म्हणजे मैदानावर फक्की मारणारा. दर शुक्रवारी संध्याकाळी फक्कीचा गाडा ढकलत पांढऱ्या रेषा ओढायचा. पगार नाही, पद नाही, क्लबच्या एका फोटोत कोपऱ्याला त्याची कोपरं दिसतात तेवढीच. एगोनचा तो लहानपणापासूनचा दोस्त. कर त्यानंही भरला नव्हता, त्यामुळे कबरीपाशी बोलायला एगोनच.

अर्धं गाव जमलं होतं. ऑटमारची इच्छा म्हणून सगळ्यांच्या गळ्यात क्लबचे मफलर, तेही ऐन जुलैत. त्याची बायको हेडविग पुढे खुर्चीवर बसलेली. एगोन छान बोलत होता. मग तो म्हणाला, "आज आपल्यातून गेला आपला ऑटमार..." आणि खिशातला रुमाल शोधायला लागला. तो थांबला.

आता बघा, थांबला किती? जेवढा शनिवारी थांबतो तेवढाच. मागच्या रांगेतून, स्टेडियमवर उभ्यानं सामना बघणाऱ्या पोरांकडून म्हणा की सवयीकडून म्हणा, आवाज आला, "कुंकेल!" एकट्याचा नाही, दोनशे गळ्यांचा.

इथवर ठीक होतं. माणूस ओशाळतो, खोकतो, पुढे जातो. पण एगोनच्या तोंडालाही पंचवीस वर्षांची सवय. त्यानं मान वर केली आणि पुकारलं, "ऑटमार!"

"कुंकेल!"

"ऑटमार!"

"कुंकेल!"

आणि मग, देवाशपथ, तो म्हणाला, "आभारी आहे." आणि सगळं कब्रस्तान म्हणालं, "असू द्या!"

त्याच्या पाठोपाठ पलीकडच्या चर्चमधून तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू आलं. पाद्री ग्योडेके नेमके तेव्हा तिथे एका पोरीचा बाप्तिस्मा करत होते. पहिल्या आरोळीला त्यांच्या हातातलं भांडं हललं आणि पाणी पोरीच्या नाकात गेलं. ग्योडेके उत्तरेकडचे, सरळ कण्याचे, गावात नवीन. नवीन म्हणजे नऊ वर्षांपूर्वी आलेले. हेडविगनं हातांनी तोंड झाकून घेतलं होतं आणि तिचे खांदे हलत होते. एगोनचा चेहरा फक्कीसारखा झाला. दफनानंतरच्या कॉफीला तो थांबलाच नाही. कॉफीबरोबर मिळणारा, वर गोड चुरा पसरलेला केक न खाता टानेनरोडमध्ये कोणी दफनावरून घरी गेलेलं मला आठवत नाही.

पाद्र्यांनी क्लबला सज्जन शब्दांत तक्रार केली. क्लबमध्ये तेव्हा फाबियान आमर्लिंग नावाचे एक तरुण गृहस्थ नुकतेच आले होते, युरोपच्या सामन्यांची व्यवस्था बघायला. मोठ्या शहरातले, पायात पांढरे बूट, मोजे नाहीत. त्यांना निमित्तच हवं होतं. शंभर देशांत सामना दिसणार, तिथे गावचा शोकवक्ता कसा चालेल? त्यांनी रेडिओवरचा एक माणूस ठरवला आणि एगोनला बोलावून गोड बोलले.

"क्लाप्रोटसाहेब, तुम्ही लीगचे सामने कराच. फक्त युरोपचे तेवढे..."

"बरं," एगोन म्हणाला.

"आणि त्या विधवाबाईंना किती दुःख झालं असेल, तेही बघायला हवं."

"बरोबर आहे तुमचं," एगोन म्हणाला. तिथून आल्यावर त्यानं लीगचाही माइक सोडतो म्हणून कळवून टाकलं.

रेनाटेनं मला बसथांब्यावर गाठलं. मी तेव्हा निवृत्त झालो होतो, पण थांब्यावर बसायची सवय गेली नव्हती. "अहो, तो घरी बोलायला लागलाय," ती म्हणाली. "सकाळी उठतो आणि हवामान सांगतो. बटाटे कसे शिजलेत ते सांगतो. मला भीती वाटते हो."

खरी पंचाईत वेगळीच होती. एगोनला वाटत होतं, हेडविगचं आपण कायमचं मन दुखवलं. ती समोरून दिसली की तो गल्ली बदलायचा. एकदा तर ती बेकरीत शिरली म्हणून हा मागच्या दारानं, पिठाच्या पोत्यांवरून, बाहेर पडला. बेकरीवाल्याच्या बायकोनं हे स्वतः मला सांगितलं, त्याच्या कोटावरच्या पिठासकट.

आता आमच्या क्लबची एक गोष्ट श्रीमंत क्लबांना कळत नाही. त्यांचा मालक एक असतो आणि तो जहाजावर राहतो. आमचे मालक आम्ही सगळे. वर्षातून एकदा शाळेच्या व्यायामशाळेत बसायचं, सॉसेज आणि बटाट्याची कोशिंबीर खायची आणि हिरवं कार्ड वर करून मत द्यायचं. अध्यक्षाला एक मत, गेर्नोटलाही एकच. गेर्नोटनं त्या वर्षी प्रस्ताव टाकला, युरोपच्या सामन्यांना माइकवर एगोनच हवा. प्रस्ताव टाकला त्यानं, लिहून दिला मी, कारण गेर्नोट 'युरोप' लिहायला बसला तरी दमतो.

फाबियान उभे राहिले. आधी ते पडद्यावर रंगीत चित्रं दाखवून बोलले. मग म्हणाले, "आणि शेवटी, कुंकेलबाईंच्या भावनांचा विचार आपण केला पाहिजे."

मागच्या बाकावरून आवाज आला, "माझ्या भावना मी तुमच्याकडे कधी ठेवायला दिल्या होत्या?"

हेडविग कुंकेल उठली होती. हातात सॉसेजची प्लेट तशीच.

"बाई, तुम्ही माइकवर या ना," फाबियान म्हणाले.

"मला नको माइक. माझ्या नवऱ्याला मी माइकशिवाय तीस वर्षं हाका मारल्या, मैदानाच्या त्या टोकाला ऐकू जायच्या." लोक हसले. ती हसली नाही. "दर शुक्रवारी तो त्या फक्कीच्या गाड्याबरोबर असायचा. मी त्या गाड्याला सवत म्हणायचे. शनिवारी एगोन अकरा नावं पुकारायचा, आणि ती अकरा पोरं अर्ध्या तासात ह्याच्या रेषा पुसून टाकायची. रविवारी सकाळी ऑटमार दाढी करायला आरशापुढे उभा राहायचा आणि हळूच म्हणायचा, ऑटमार... मग थांबायचा. मग आणखी बारीक आवाजात आडनावही तोच म्हणायचा. पाणी सोडलेलं असायचं, त्याला वाटायचं मला ऐकू येत नाही."

हेडविगनं सॉसेजची प्लेट बाकावर ठेवली.

"त्या दिवशी ते तुम्ही सगळ्यांनी म्हटलंत. तीनदा. गोल केल्यासारखं. मला हसू आवरेना, म्हणून मी तोंड झाकलं. त्याला ऐकायला मिळालं नाही, एवढंच माझं दुःख. बाकी काही नाही." मग ती वळली. "आणि एगोन, तू मला बघून पळतोस कशाला रे? तुझ्यासाठी मी आलुबुखाराचा केक केला होता. दोन दिवस वाट पाहिली आणि शेवटी पाद्रीबाबांना दिला."

"त्यांनी खाल्ला?" गेर्नोटनं विचारलं.

"ताटली चाटूनपुसून परत आली."

एगोन दाराजवळ उभा होता. रेनाटेनं त्याला कोपरानं ढोसलं तेव्हा एवढंच म्हणाला, "हेडविग, मला वाटलं..."

"तुला वाटू नये, तू बोलावंस. वाटायला बाकीचं गाव आहे."

हिरवी कार्डं वर झाली. विरोधात किती गेली ते मोजायचे कष्टही कोणी घेतले नाहीत. फाबियान आमर्लिंगचा हातही मला वर दिसला. ते सभासद नव्हते, पण त्या दिवशी ते कोणी काढलं नाही.

मग तो शरद ऋतूतला सामना. पाहुणे समुद्रापलीकडचे, बंदराच्या मोठ्या शहराचे. त्यांच्या राखीव गोलकीपरच्या पगारात आमच्या स्टेडियमला दुसरं छप्पर झालं असतं. त्यांच्या मैदानावर आम्ही आधी जाऊन शून्य-शून्य बरोबरी करून आलो होतो. गेर्नोट विमानात उलटी न करता आला होता. गावात चर्चा कशाची जास्त झाली ते मी सांगत नाही. परतीच्या सामन्याला ते आमच्याकडे आले आणि त्यांच्या प्रशिक्षकानं पहिली तक्रार केली ती आंघोळीच्या गरम पाण्याची. ते आमच्याकडे सोळा माणसांपुरतंच येतं, हे गावात सगळ्यांना माहीत आहे.

पाहुण्यांची नावं पुकारली की आम्ही प्रत्येक नावाला एकच उत्तर देतो, "मग काय?" एगोननं ती परदेशी नावं आठवडाभर घोटली होती. एकेक नाव त्यानं असं अदबीनं घेतलं, जसं काही तो त्याला मूठमाती द्यायला आलाय. जगातली सगळ्यात महाग पोरं ओळीनं उभी, आणि प्रत्येकाला आठ हजार माणसं विचारतायत, "मग काय?" त्यांतला एक तर खाली बुटांकडे बघायला लागला.

खेळ कसा झाला म्हणता? ते खेळले, आम्ही धावलो. चेंडू त्यांच्याकडे, श्वास आमच्याकडे. दुसऱ्या अर्ध्यात एक कॉर्नर मिळाला आणि आमच्या क्विरिन हाबरलांटनं, ज्याचा गुडघा तीन डॉक्टरांनी निकामी ठरवला होता, त्यानं कपाळानं चेंडू आत घातला. बस.

एगोननं पुकारलं, "क्विरिन!" आणि आम्ही छप्पर हलवलं. दुसऱ्यांदा, "क्विरिन!" आणि तिसऱ्या वेळी माइकमधून नुसती खरखर आली. उंच चढत गेलेला तो आवाज तिथे तुटला. पहिलं नावही आम्हीच घेतलं, आडनावही आम्हीच, आणि मग उरलेला अर्धा तास ओरडतच राहिलो, कारण ते पैसेवाले दाराशी येऊन धडका देत होते आणि आमच्याकडे त्यांना थोपवायला दुसरं काही नव्हतं. शिट्टी वाजली. एक-शून्य. गेर्नोट माझ्या खांद्यावर रडला, नाकासकट.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता दफन होतं. म्हातारी फ्रीडा ल्योफ्लर, जिनं कर भरण्यावरून चर्चशी भांडून तरुणपणीच नाव काढून घेतलं होतं. एगोनचं काम. पण त्याच्या घशातून हवासुद्धा वाजत नव्हती. रेनाटेनं कांद्याचा रस मधातून पाजला, काही उपयोग नाही. शेवटी तो काळा कोट घालून, लिहिलेले कागद घेऊन, पाद्र्यांच्या दारात जाऊन उभा राहिला.

ग्योडेके सामन्याला आलेले नव्हते. त्यांनी दार उघडलं, कागद बघितले, एगोनच्या गळ्याभोवतीचा फडका बघितला.

"काल जिंकलात म्हणे," ते म्हणाले.

एगोननं मान हलवली.

"कळलं मला. खिडक्या बंद केल्या होत्या, तरी कळलं. या आत. माझा कोट घेतो."

पाद्र्यांनी कबरीपाशी एगोनचं भाषण शब्दाला शब्द वाचलं. म्हातारी किती भांडकुदळ होती, तेही वाचलं. चांगलं वाचतात ते, उगाच का खोटं बोलू. आम्ही सगळे काल ओरडून बसलेल्या घशांवर मफलर गुंडाळून, गालात गोळ्या ठेवून उभे. सांत्वनसुद्धा कुजबुजीत चाललं होतं. शेवटी कागद संपला तेव्हा ग्योडेकेंनी तो घडी घालून खिशात ठेवला आणि डोळे मिटून एक लहानशी प्रार्थना म्हणून टाकली. फ्रीडाला ती मुळीच चालली नसती. तिच्या मुलानं तोंड उघडलंही, पण आक्षेप घ्यायला त्या सकाळी टानेनरोडमध्ये आवाज होता कुणाकडे?