स्थळ पाहिलं मोटारबोटीत

आमच्या अकोल्यातल्या जठारपेठेच्या गल्लीत एखादी गोष्ट एकदा ओट्यावर आली की ती पुन्हा घरात जात नाही. एकीनं सांगावी, दुसरीनं "अन् ते नाही का सांगितलं?" म्हणून तिला शेपूट जोडावं, तिसरीनं त्या शेपटाला गोंडा लावावा! मुंबईच्या त्या एका दुपारचं असंच झालं. गेलो होतो आम्ही चौघंच, पण ऐकणाऱ्याला वाटतं अख्खी जठारपेठ समुद्रावर गेली होती. म्हणून म्हटलं, मी डोळ्यांनी पाहिलं तेवढं तरी नीट सांगून टाकावं. त्यातल्या काही गोष्टी मला अजून समजलेल्या नाहीत. त्या तशाच सांगते.

चौघं म्हणजे शेजारचे विष्णुभटजी, त्यांची बायको कमलवहिनी, समोरचे बापूराव आणि मी.

भटजींची कुसुम लग्नाची होती. तिला सांगून आलेला मुलगा, वसंत, मुंबईच्या बंदरात मोटारबोट चालवायचा. आईबाप लहानपणीच गेलेले, मामानं मुंबईत वाढवलेला. अकोल्याला येऊन मुलगी पाहून गेला. आधीच्या स्थळांच्या वेळी कुसुम नुसती खाली मान घालून बसायची. या वेळी आईच्या कानात एकच शब्द बोलली, "हेच."

पण भटजी अडले. "समुद्रावर जाणारा जावई? शास्त्रात निषेध आहे! उद्या यजमान काय म्हणतील मला?"

शेवटी ठरलं, रीतीप्रमाणे मुलाचं घर पाहायला जायचं, त्यातच बोटही पाहायची, आणि मग भटजींनी हो की नाही ते सांगायचं. बापूरावांना सोबत घेतलं, कारण त्यांना गाडी-बैलातलं कळतं. त्यांची जोडी शंकरपटाच्या शर्यतीत पळायची. आणि मला घेतलं, कारण कमलवहिनी नवऱ्यासमोर तोंड उघडत नाहीत. मग चार गोष्टी विचारून घेणारं कोणीतरी नको का!

*

निघायच्या आधीच ओट्यावर वाद झाला.

बापूराव म्हणाले, "भटजी, तुमी त्या पोराले समुंदरापायी काहून अडवून राह्यले? तुमी सोता मोर्णा नदी ओलांडून पलीकडच्या यजमानाकडे जाता का नाई?"

"मोर्णेची गोष्ट वेगळी," भटजी म्हणाले.

"कशी वेगळी जी? ते पाणी नाई काय?"

भटजी म्हणाले, "मोर्णेत पाणी कुठं असतं, बापूराव?"

आम्ही सगळ्यांनी माना वळवून मोर्णेकडं पाहिलं.

*

मुंबईत धक्क्यावर पोचलो. आमचा जिल्हा नागपूरकडून निघून मुंबई राज्यात गेल्याला तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. समुद्र दिसल्याबरोबर बापूरावांनी दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि म्हणाले, "पाहा राजेहो, आता हाबी आपलाच झाला!" वावर विकत घेतल्यासारखा त्यांनी समुद्र इकडून तिकडं पाहून घेतला.

भटजी मात्र पायरीवर थांबले. एक पाय वर, एक पाय खाली. वसंताला विचारू लागले, "हा समुद्रच ना?"

वसंत म्हणाला, "हो. म्हणजे, बंदराच्या आतलं पाणी आहे हे."

"म्हणजे समुद्र नाही?"

"आहे. पण खरा समुद्र पुढं, बाहेर."

"मग हा खोटा?"

पोरगं गोंधळलं. रोज ज्या पाण्यात हिंडतो त्याला असं कोणी विचारलं नसेल! मीच मध्ये पडले. म्हटलं, "भटजी, जमीन दिसते तोवर आत, दिसेनाशी झाली की बाहेर. असं धरा अन् बसा."

भटजींना ते पटलं. म्हणाले, "ठीक. मी जमिनीवरची नजर काढणार नाही. जिथं जमीन दिसेनाशी होईल तिथं मी नाही म्हणणार. मग मला कोणी बोलायचं नाही." आणि बोटीत शिरून समुद्राकडं पाठ करून बसले.

कमलवहिनींचं तोंड एवढंसं झालं. कुसुमचं लग्न आता नजरेवर टांगलं होतं.

*

बोट लहानशी, पांढरी, टोकाला निमुळती. बाहेर उभ्या असलेल्या मोठ्या जहाजांवर साहेबलोकांना झपाट्यानं नेऊन आणायचं, हे तिचं काम. रविवार म्हणून वसंतानं वरच्यांची परवानगी काढली होती. कमलवहिनींनी बोटीत आधी सतरंजी अंथरली. वर गोधडी. बैलबंडीत बसताना आपण करतो तसं.

बापूराव पुढं जाऊन बसले, कारण पुढं बसलं की धक्के कमी लागतात असं बंडीचं गणित. वसंत मागं. चाक मागंच होतं. इंजिन गुरगुरलं आणि बोट सुटली.

बापूरावांनी पुढं पाहिलं. पुढं कोणीच नाही! नुसतं पाणी!

"धुरकरी कोठी हाये?" ते ओरडले. "अरे, हाकणारा खालीच राह्यला! सुटली रे, सुटली!"

आम्ही सांगतोय की वसंत मागं आहे, पण त्या आवाजात ऐकतो कोण? त्यांच्या हाताला टोकाला बांधलेला दोर लागला. तोच कासरा समजून त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, पाय रोवले आणि "हो... हो... हो..." करत मागं ओढला.

आणि खरं सांगते, बोट हळू झाली!

समोरून एक मोठं जहाज आडवं जात होतं म्हणून वसंतानं वेग कमी केला होता, असं तो नंतर म्हणाला. पण बापूराव ते आजही मानत नाहीत. "म्या ओढली म्हून थांबली. नाईतर गेलो होतो आपण!"

*

कमलवहिनींना नदी दिसली की मधोमध पैसा टाकायची सवय. अकोल्याहून येताना गाडीनं जी जी नदी ओलांडली, तिच्यात त्यांनी खिडकीतून पैसा टाकला होता. आता मुठीत एक पैसा घट्ट धरून बसल्या होत्या. मला हळूच म्हणाल्या, "त्याले विचार नं, मधोमध कधी येते?"

मी विचारलं. वसंत म्हणाला, "कशाच्या मधोमध, मावशी?"

"हा काठ अन् तो काठ. त्याच्या मधोमध."

"तो काठ कुठला?"

कमलवहिनींनी बोट दाखवलं. लांब एक काळी रेघ दिसत होती. "तो काय!"

आम्ही सगळे तिकडं पाहू लागलो. पाहता पाहता ती रेघ सरकायला लागली. डावीकडून उजवीकडं. मग तिच्यातून धूर निघाला.

"अवं माय! काठ चालला नं!" कमलवहिनी किंचाळल्या.

ते जहाज होतं. पैसा मुठीतच अकोल्याला परत आला. मधोमध कुठं असतं, ते मला अजून माहीत नाही.

*

पाण्याचा एक सपकारा आला तो थेट माझ्या तोंडात. वसंत मागून ओरडला, "थुंका मावशी, थुंका! समुद्राचं पाणी आहे, पिऊ नका!"

मी जीभ फिरवली. चव ओळखीची वाटली. "अहो, हे तर आमच्या माहेरच्या विहिरीचं पाणी!"

माझं माहेर खारपाण पट्ट्यातलं. तिकडं विहीर खणा, बोअर मारा, खारटच लागतं. बापूरावांनी लगेच करंगळी बुडवून चाखलं आणि निकाल दिला, "नाई वहिनी. तुमच्या माहेरचं याच्याहून खारं."

वसंताचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "तुम्ही ते पिता?"

"पितो काय म्हणतोस?" मी म्हटलं. "लहानाचे मोठे झालो त्याच्यावर. फक्त त्यात वरण शिजत नाही."

*

मग वसंतानं बोट खरी सोडली.

कशी सांगू? नाक वर उचललं तिनं, आणि पाण्याला टेकते न टेकते अशी उडू लागली. डोळ्यांत पाणी, डोक्यावरचा पदर मागं झेंड्यासारखा! मला भीती वाटत होती की मजा, ते कळेना. मी रडत होते की हसत, ते कमलवहिनींना कळेना. त्यांनी आपली माझी मांडी गच्च धरली, त्याचे वळ घरी जाईपर्यंत होते.

बाजूनं एक गोरा साहेब त्याच्या बोटीतून चालला होता. तो पुढं जातोय असं दिसताच बापूरावांची भीती कुठल्या कुठं पळाली. कासरा सोडून ते अर्धे उभे राहिले. "हाण रे वसंता! जाऊ देऊ नको त्याले! हाण! हुर्रर्र!"

साहेबानं टोपी हलवली. बापूरावांनी पटका हलवला. शर्यत लागली आहे हे त्या साहेबाला माहीत होतं की नाही, देव जाणे! पण जिंकलो आम्हीच.

दम खाऊन बापूरावांनी वसंताची उलटतपासणी घेतली. "खाते काय हे?"

"डिझेल."

"अन् बसून असली तर? बिनकामाची?"

"तेव्हा काही नाही लागत."

बैलजोडी वर्षातले किती महिने दावणीला बसून खाते, हे बापूरावांइतकं कोणाला माहीत? कमलवहिनींकडं वळून म्हणाले, "बसून असली तं काईच खात नाई! वहिनी, पोरगं लय हुशार हाये!"

*

या सगळ्यात भटजी काय करत होते? जमीन पाहत होते!

समुद्राकडं पाठ, धक्क्याकडं तोंड, मुठीत जानवं घट्ट धरलेलं. तोवर ठीक होतं. पण वसंतानं बोट गोल फिरवली आणि जमीन निघाली उजवीकडं! भटजी उजवीकडं वळले. जमीन मागं गेली. भटजी मागं वळले. बोट पुन्हा फिरली, भटजी पुन्हा फिरले. पाहता पाहता त्यांची बसल्या जागी प्रदक्षिणा सुरू झाली.

"जमीन कुठं आहे? जमीन कुठं आहे?"

"ही काय, इकडे!" मी म्हणायचे.

"तिकडे हो, तिकडे!" बापूराव म्हणायचे.

दोघंही खरं सांगत होतो. जमीन सगळीकडंच होती!

बंदराच्या तोंडाशी वसंतानं बोट थांबवली. पुढं नुसतं पाणी, आभाळापर्यंत. भटजींचं डोकं अजून गरगरत होतं. त्यांनी विचारलं, "याच्या पुढं?"

"पुढं मी जात नाही," वसंत म्हणाला. "माझं काम इथपर्यंतच. संध्याकाळी रोज परत."

भटजींनी मागं पाहिलं. जमीन होती. मग पुन्हा पुढं पाहिलं. कमलवहिनींनी माझ्याकडं पाहिलं, मी बापूरावांकडं. हो की नाही, कोणालाच कळेना.

*

परत धक्क्याशी आलो, तो निराळाच प्रकार! जाताना ज्या पायऱ्या पाण्याखाली होत्या त्या आता उघड्या, शेवाळलेल्या. पाणी पार खाली गेलेलं.

"कोणी सोडलं हे पाणी?" बापूराव म्हणाले. "कालव्याले सोडलं काय?"

वसंत हसला. "ओहोटी आहे. आज द्वितीया ना! अमावस्या आत्ताच झाली, म्हणून पाणी जास्त उतरलंय. अष्टमीला एवढं उतरत नाही."

भटजींनी मान वर केली. "तू तिथी पाहून बोट काढतोस?"

"पाहावीच लागते. पंचांगाशिवाय आमचं पान हलत नाही."

भटजी त्याच्याकडं बराच वेळ पाहत राहिले. डोकं गरगरत होतं म्हणून की आणखी कशानं, काय माहीत! नंतर अंगावरचं उपरणं पिळलं. ओठांवर मीठ वाळून पांढरं झालं होतं, घसा सुकून आवाज फुटेना. सकाळी वसंताच्या खोलीवर दोन कप चहा आनंदानं घेणारा माणूस, आता नुसता जिभेनं ओठ चाटत उभा.

कमलवहिनींना राहवेना. आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, काय ते बोला नं! घरी पोरगी वाट पाहून राह्यली."

भटजी बोलायला गेले आणि खोकले. वसंत चटकन बोटीत उतरला. आतल्या सुरईतून थंडगार पाण्याचा तांब्या भरून आणला आणि दोन्ही हातांनी पुढं केला. "घ्या, आधी पाणी घ्या."

भटजींनी हात पुढं नेला. मग थांबले. हात मागं घेतला आणि घशाला कोरड पडलेली असतानाच म्हणाले, "नको. आमच्यात लेकीच्या घरचं पाणी चालत नाही."

कमलवहिनी मटकन पायरीवर बसल्या आणि पदरात तोंड लपवून रडायलाच लागल्या. बापूरावांनी पटका हवेत उडवला, तो शेवाळावर जाऊन पडला.

आणि वसंत? तो तांब्या धरून तसाच उभा. एकदा भटजींकडं पाहिलं, एकदा रडणाऱ्या कमलवहिनींकडं. तोंड पार उतरलेलं. मग माझ्याजवळ येऊन घाबऱ्या आवाजात म्हणाला,

"मावशी, पाणी ताजं आहे हो! सकाळीच भरलंय!"