वेरूळचा कौल

रत्नागिरीत राहणाऱ्यांनी सुट्टीत कुठे जायचं नसतं, त्यांच्याकडे बाकीच्यांनी यायचं असतं, असा नियम आमच्या नातेवाइकांनी परस्पर करून टाकला होता. मे महिना लागला की मुंबईची आत्या, तिचे यजमान, त्यांची तीन मुलं आणि त्या मुलांनी बरोबर आणलेला एखादा मित्र अशी वरात एस.टी.तून उतरायची, ती पावसाचे ढग दिसेपर्यंत हलायची नाही. त्यांना समुद्र हवा असे, आंबे हवे असत, फणसाची भाजी हवी असे, रोज ताजं म्हावरं हवं असे. हे सगळं ताटात कसं येतं याची चौकशी कोणी केल्याचं मला आठवत नाही. माझी आई सकाळी मासे साफ करायला मागच्या पडवीत बसायची, ती दुपारी शेवटचं भांडं घासूनच पाठ टेकायची. आत्या समुद्रावरून यायची, पायाची वाळू ओटीवर झाडायची आणि म्हणायची, तुमचं बरं आहे बाई, तुम्हाला बारा महिने सुट्टीच. मग ती वाळू आई झाडायची.

मला आत्याचा राग यायचा, आणि वडिलांचा त्याहून जास्त. वडील सरकारी कचेरीत कारकून होते. ऑफिसात कोणालाही पटकन नाही म्हणण्यात त्यांचा हात धरणारा माणूस नव्हता, पण आत्यापुढे त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. ती त्यांची थोरली बहीण, आजी गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं, हे मला मान्य आहे. पण त्याची परतफेड दर वर्षी माझ्या आईच्या पाठीने का करायची, हे त्यांना कधी विचारायची सोय नव्हती.

दर चार वर्षांनी ऑफिस कुटुंबाला कुठेतरी फिरून येण्याचं एस.टी.-रेल्वेचं भाडं द्यायचं. एकदा ती सवलत अशीच वाया गेली. त्यानंतरच्या खेपेला आम्ही मुंबईला आत्याकडे गेलो आणि चौपाटीवर भेळ खाल्ली. ज्यांच्या घरातून रात्री लाटा ऐकू येतात अशी तीन माणसं दिवसभर प्रवास करून दुसऱ्या समुद्राकाठी वाळूत बसून भेळ खात होती. आईने भेळ अर्धी टाकून दिली, आणि ती कधी काही टाकत नसे.

ऐंशी-एक्याऐंशीचं साल असेल. मी दहावीची परीक्षा देऊन बसले होते. सवलत पुन्हा आली होती, आणि एका संध्याकाळी वडिलांनी ओटीवर बसून आम्हा दोघींपुढे तीन गावं ठेवली. एक पुन्हा मुंबई. दुसरं गुहागर, तिथे त्यांच्या एका मित्राची पोफळीची बाग होती. तिसरं आंजर्ले, कड्यावरच्या गणपतीला. तिन्ही ठिकाणी समुद्र होता. मी ते बोलून दाखवलं, तर तोंड फार सुटलंय म्हणून मलाच ऐकवण्यात आलं.

आई तांदूळ निवडत होती. सुपावरची नजर न काढता ती म्हणाली, वेरूळ.

वडिलांना आधी ऐकू आलं नाही असं त्यांनी दाखवलं. मग ते हसले. एवढ्या लांब जाऊन बघायचं काय, तर दगड. दगडच बघायचे असतील तर तुझ्या बापाची चिरेखाण काय वाईट आहे, असं ते म्हणाले. आईचं माहेर संगमेश्वराकडचं. तिच्या वडिलांची जांभ्या दगडाची खाण होती, आणि लहानपणी ती खाणीवर कामगारांची भाकरी घेऊन जायची. वेरूळच्या कैलास लेण्याचं चित्र तिने कुठल्याशा कॅलेंडरवर पाहिलं होतं, आणि ते पान तिने स्वयंपाकघरात तांदळाच्या पिंपामागे चिकटवलं होतं. वडिलांच्या लेखी ते भिंतीचा पोपडा झाकायला लावलेलं पान होतं.

त्या संध्याकाळी मात्र आईने सूप खाली ठेवलं. माझ्या आठवणीत ती एका दमात इतकं बोललेली पहिलीच वेळ. ती म्हणाली, "आमच्या खाणीत वरनं दगड काढत खाली जातात. काढलेला दगड लोक घर बांधायला नेतात नि आमच्याकडे खड्डा उरतो. तिथे पण वरनंच काढत गेले. कळस आधी झाला, पाया शेवटी. पण काढलेला दगड गेला नि उरलं ते देऊळ. हे मला एकदा डोळ्यांनी बघायचंय. आणि मे महिन्यातच बघायचंय, दुसऱ्या कुठल्या महिन्यात नको."

मे महिन्यातच का, हे वडिलांना आणि मला दोघांनाही कळलं. वडील उन्हाचं बोलले, मे महिन्यात तिकडे भाजून निघू म्हणाले. चुलीपुढे मी काय थंडीत बसते, असं आई म्हणाली, आणि तांदूळ घेऊन आत गेली. मला इतका आनंद झाला की त्या रात्री मी न सांगता भांडी घासली.

तीन-चार दिवसांनी आत्याचं आंतरदेशीय पत्र आलं. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात निघतो, या वेळी नणंदेलाही घेऊन येतो, असं त्यात होतं. खाली दोन ओळी माझ्यासाठी होत्या. पोरीला अकरावीला इकडेच ठेवू, आमच्याकडे राहील, यंदा आलो की बोलू. रत्नागिरीत कॉलेज नव्हतं असं नाही. पण मला मुंबई हवी होती, आणि इतकी हवी होती की त्या दोन ओळी मी दिवसातून दहादा मनात म्हणत असे. वडिलांनी ते पत्र वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि जाहीर केलं की आता आपण ग्रामदेवतेला कौल लावू.

आमच्याकडे विहीर कुठे खणायची, म्हैस घ्यायची की नाही, असल्या गोष्टींना देवाचा कौल घेतात. गुरव देवाच्या अंगावर डावीकडे आणि उजवीकडे ओल्या फुलांच्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट बघत बसतात. उजवी पाकळी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. सुट्टीला कुठे जायचं हे देवाला विचारल्याचं मी त्याआधी ऐकलं नव्हतं, त्यानंतरही नाही. वडिलांना आत्याला नाही म्हणायचं नव्हतं आणि आईलाही स्वतःच्या तोंडाने नाही म्हणायचं नव्हतं, म्हणून त्यांनी देवाला मध्ये घातलं. आणि दिवस कोणता निवडला, तर आई बाजूला बसली होती तो. त्या दिवसांत तिला देवळात येता येत नसे. चार दिवस थांबलं असतं तर काही बिघडणार नव्हतं. तबक धरायला मला नेलं.

देवळात आम्ही दोघं आणि गुरव, एवढेच होतो. गुरव म्हातारा, सरळ माणूस. वडिलांनी सांगितलं तसं त्याने गाऱ्हाणं घातलं, की बा देवा म्हाराजा, ही बाय वेरूळला जायन म्हणते, तर जावचा की नाय ता सांग. वडील नि मी व्हय म्हाराजा म्हणालो. पाण्याचा थेंब देवाच्या छातीवरून ओघळला आणि उजवी पाकळी पडली.

वडील म्हणाले, पाकळी फार ओली होती, पुन्हा लावा. गुरवाला ते आवडलं नाही, पण त्याने पुन्हा लावल्या, या वेळी पाणी निपटून. बराच वेळ काही झालं नाही. मग पुन्हा उजवी पडली, आणि इतकी सावकाश पडली की ती ओली होती असं कुणाला म्हणता येऊ नये.

मला वाटलं, आता वडील हात जोडतील आणि आपण घरी जाऊ. ते तिथेच उभे राहिले. मग म्हणाले, आता असं विचारा, की घरी पाहुणे यायच्या वेळी दाराला कुलूप लावून गेलेलं देवाला चालेल का. गुरवाने त्यांच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "सायेब, ह्यो सवाल दुसरा झाला." वडील म्हणाले, तोच आहे. गुरवाने पाकळ्या लावल्या आणि डावी लगेच पडली. वडिलांनी देवापुढे नारळ ठेवला, खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं, आणि परतीच्या वाटेवर माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. गप्प राहा, असंसुद्धा त्यांनी मला सांगितलं नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचं खापर त्यांच्या डोक्यावर फोडायला मी कितीतरी वर्षं ते वाक्य शोधत होते आणि ते नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी ओटीवरूनच सांगितलं, देव नाही म्हणाला. आई मागच्या पडवीत वेगळी बसली होती. तिने त्यांना काही विचारलं नाही. मी पाणी घेऊन गेले तेव्हा मला विचारलं.

"तू होतीस ना गो तिथे? डावाच कौल लागला?"

मी म्हणाले, "हो."

डावा लागलाच होता. शब्दाला शब्द लावून पाहिलं तर मी खोटं बोलले नव्हते, आणि म्हणूनच ते उत्तर इतकं घाणेरडं होतं. आत्या रागावली असती तर माझी मुंबई गेली असती, आणि हे मी पायरीवर तांब्या हातात धरून, आईच्या डोळ्यांत बघत, नीट हिशेब करून ठरवलं. मी सोळा वर्षांची होते, लहान होते, असं मला नंतर अनेकांनी समजावलं. मी लहान नव्हते. मी पुरेशी मोठी होते.

आईने मान हलवली. रडली नाही, चिडली नाही. कॅलेंडरचं पान तिने त्याच आठवड्यात काढलं. मेच्या पहिल्या आठवड्यात पाहुणे आले, नणंदही आली, समुद्र झाला, आंबे झाले, वाळू झाली. जूनमध्ये मी मुंबईला गेले आणि आत्याच्या घरी पाच वर्षं तिचीच भांडी घासत शिकले. त्यात मला काही न्याय झाला असं वाटत नाही. आत्याला फुकटची मोलकरीण हवी होती आणि ती तिला मिळाली, एवढंच.

आईत काय बदललं ते मला सुट्टीत घरी आल्यावर तुकड्यातुकड्यांनी दिसत गेलं. ती त्या देवळात जायची थांबली. गुडघे दुखतात म्हणायची, पण बाजारात चालत जायची. नवस बोलायची थांबली. दिवाळीला साडी कोणत्या रंगाची हवी, असं वडिलांनी विचारलं तरी म्हणायची, कुठलीही. वडील हे मोठ्या कौतुकाने पाहुण्यांना सांगायचे, की हिचं काही मागणंच नसतं.

सत्त्याऐंशीत मला नोकरी लागली. पहिली रजा साठवली आणि घरी जाऊन आईला सांगितलं, चल, आपण दोघीच वेरूळला जाऊ. कोल्हापूर, पुणं करत एस.टी.ने जाऊ, सगळं मी बघते. ती पडवीत कोळंबी सोलत होती. म्हणाली, नको, देवानं नाही म्हटलंय. सात वर्षं झाली होती. मी म्हणाले, तेव्हा नाही म्हटलं असेल, आता काय त्याचं. ती म्हणाली, एकदा नाही म्हटलं की परत परत जाऊन तोंड वेंगाडू नये.

मग मला सांगावं लागलं. पहिली पाकळी, दुसरी पाकळी, गुरवाने काय म्हटलं, तिसरा सवाल, आत्याचं पत्र, तांब्या घेऊन मी उभी होते ते, सगळं. मी रडत होते, पण रडून सांगितलं म्हणजे माफ होतं अशी एक लबाडी त्या रडण्यात होती, आणि ती तिला दिसत असणार. ती सोलत राहिली. सगळं ऐकून झाल्यावर तिने विचारलं, दोनदा? मी म्हणाले, दोनदा. उजवा? उजवा.

तिने हात धुतले, पदराला पुसले.

"मला वाटायचं देवालाच मी नको झालेय," ती म्हणाली. "म्हणजे देवानं ऐकलं होतं. तुम्ही दोघांनी नाही ऐकलंत."

मी म्हणाले, आता तरी चल. ती म्हणाली, जाईन. पण तुझ्याबरोबर नाही.

तिने ते रागाने म्हटलं असतं तर मला सोसलं असतं. त्याच डिसेंबरात ती शेजारच्या शिक्षिकाबाई आणि त्यांच्या बहिणीबरोबर वेरूळला गेली. वडील आठवडाभर स्वतःच्या हाताने भात रांधून खात होते आणि मला पत्रातून तक्रार करत होते. मी ते पत्र फाडून टाकलं.

जानेवारीत मी घरी गेले. दुपारी पडवीत आई कुणाशी तरी बोलत होती. समोर दोन शेजारणी होत्या, आणि ती हातांनी दाखवत सांगत होती की आपण तळाशी उभं राहिलं की डोंगर आपल्या चारी बाजूंनी कसा वर जातो, आणि छिन्नीच्या खुणा अजून कशा दिसतात, अगदी तिच्या बाबांच्या खाणीत दिसायच्या तशा. तिचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी दारातून बाहेर आले. ती थांबली. मला म्हणाली, चहा ठेवू का तुझ्यापुरता? मी नको म्हणाले आणि आत गेले, तेव्हा तिने पुढे सांगायला सुरुवात केली.