रशियातला मुलगा

माझा मुलगा चीनमध्ये डॉक्टरकी शिकतो आणि मी इथं आमच्या देवपुरात सगळ्यांना सांगते की तो रशियात आहे. मेल्याहून मेल्यासारखं होतं हे लिहिताना, पण आहे ते हे असं.

सुरुवात भाऊबंदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपपासून झाली. सरहद्दीवर काही खुट्ट झालं की तिथले सगळे शूरवीर जागे होतात. चिनी माल घेणारा देशद्रोही, चीनला पैसा देणारा गद्दार! लिहिणाऱ्याच्या हातातला मोबाईल कुठला, हे विचारायची सोय नाही. मीही एक तिरंगा टाकते आणि मोकळी होते. उगाच कशाला विषाची परीक्षा?

मागच्या आठवड्यात मुलानं सांगितलं, त्याला चिनी बोलायला शिकवणारा तिथलाच एक मित्र आहे. दोघांनी वरण-बट्टी केली. त्या पोरानं ती हातानं चुरून खाल्ली आणि 'हा माझा भारतीय भाऊ' असं लिहून व्हिडिओ टाकला. झालं! तिथलेही देशभक्त तुटून पडले. परक्यांचा कुत्रा म्हणाले, आईबापावरून शिव्या दिल्या. कुठंही जा, पळसाला पानं तीनच.

"काढून टाक म्हणावं त्याला," मी म्हटलं.

"सांगितलं गं आई. ऐकतच नाही. म्हणतो, भाऊ आहेस तर आहेस."

रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसली. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं मूठ मूठ गहू काढून त्याचे रोट करतात, आणि ते भाऊबंदांनीच खायचे. मुलाच्या नावाची मूठ मीच काढली होती. सगळे रोट खायला बसले आणि नेमका त्याचा व्हिडिओ कॉल आला. मी आतल्या खोलीत पळणार, तोच जेठाणीनं, माझ्या थोरल्या जावेनं, फोन हिसकावला.

"काय रे भाऊ, रशियामा थंडी शे का?"

मी काय सांगत फिरते, हे त्याला कधी बोललेच नव्हते. त्यानं जेठाणीच्या मागं उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. त्याच्या पाठीमागून तो चिनी पोरगा हात जोडून, हसत पुढे येत होता, कानबाईला नमस्कार करायला. माझ्या मुलानं त्याला कोपरानं बाजूला ढकललं.

"हो मोठी आई," तो म्हणाला, "आहे थंडी."

संध्याकाळी त्याचा मेसेज आला. 'आई, तो विचारतोय, मी त्याला का ढकललं. काय सांगू?'

मी वाचलंय हे त्याला दिसतंय.