जमुनामावशीने डॉक्टरांचे कल्ले पाहिले

दांडीच्या जमुनामावशीने उभ्या जन्मात कल्ला उचलल्याशिवाय मासा घेतला नाही. बंदरावर लिलाव सुरू झाला की बाकीच्या बायका बोली लावायच्या. मावशी मात्र आधी टोपलीत हात घालायची, कल्ला आतून लाल आहे ना ते बघायची आणि मगच तोंड उघडायची. ही सवय बंदरावरच राहिली असती तर कोणाची हरकत नव्हती. पण मुलासाठी सून बघायला गेली तेव्हाही मावशीने मुलीला आधी हसायला लावलं, आणि उत्कर्षाचे दात पाहूनच लग्न ठरवलं. "मानूस आतून कसा हाय ते दात सांगतात," असं तिचं म्हणणं. उत्कर्षाला हे लग्नानंतर कळलं. खूश व्हावं की रागवावं, हे तिला अजून ठरवता आलेलं नाही.

आता अशा बाईचाच पुढचा दात तुटावा, याला काय म्हणायचं? चिंबोरीची नांगी फोडायला घरात चांगला दगडी बत्ता होता. पण तो आणायला उठायचा कंटाळा आला म्हणून मावशीने नांगी दाताखाली धरली. नांगीला काही झालं नाही. दात मात्र अर्धा ताटात पडला.

एरवी मावशीने तो अर्धा दात कौलावर फेकला असता आणि विषय संपवला असता. पण भाचीचं, रिद्धीचं, लग्न तोंडावर आलं होतं, आणि गावात हळदीची गाणी मावशी उचलते. वरमाईला चिडवायची ओळ ती टाकणार आणि बाकीच्या बायका ती मागून धरणार, अशी वर्षानुवर्षांची रीत. तुटक्या दाताने तिने मागच्या पडवीत गाऊन पाहिलं, तर ओळ कमी आणि वारा जास्त. कुकर गातोय की काय असं वाटलं. या तोंडाने वरमाईला चिडवायला गेलं तर मांडव वरमाईला नव्हे, मावशीलाच हसणार होता. त्यात शेजारची चंद्रकांता येऊन विचारून गेली, "जमना, जमंल ना तुला? नायतर मी हाय." त्या दिवशी मावशीला जेवण गेलं नाही, आणि ते काही दातामुळे नव्हे.

मुलगा सुजीत तारापूरच्या एमआयडीसीत कामाला. त्याच्या कंपनीने कामगारांचा विमा उतरवला होता. त्यात आईवडील होते आणि नवलाची गोष्ट म्हणजे दातही होते.

"पन आई, कुठल्याबी डॉक्टरकडं बसायचं नाय," सुजीतने समजावलं. "विमावाल्यांच्या पॅनेलवर त्याची नोंद पायजे. नि जायच्या आदी फोन करून इचारायचं, अजून हाय का म्हनून. नावं येतात नि जातात."

"तुज्या पगारातून कापतात ना? मग दात त्यांनीच लावायचा," मावशी म्हणाली. फोन करायचं काम तिने सुनेकडे दिलं. डॉक्टर पारखायचं काम स्वतःकडे ठेवलं.

पहिला डॉक्टर बोईसरला, स्टेशनजवळचा. निमेश नावाचा तरुण मुलगा. उत्कर्षाने घरूनच हेल्पलाइनला फोन लावला, थांबा म्हणून वाजणारी तिकडची बासरी पुरेशी ऐकली, आणि शेवटी एक मुलगी म्हणाली, "हाँ जी, पॅनल पे हैं." सगळं कसं नीट जुळलं होतं. मावशी खुर्चीत बसली.

"मावशी, आ करा," डॉक्टर म्हणाला.

"आदी तुमी करा."

डॉक्टरने उत्कर्षाकडे पाहिलं. उत्कर्षाने भिंतीवरच्या दाढेच्या चित्राकडे पाहिलं. बिचाऱ्याने मास्क खाली घेऊन तोंड उघडलं, तर आत दातांना तारा लावलेल्या. मावशी पदर सावरत उठली.

"सोताच्या दातांना तारेचं कुंपन घातलंय. हा माजा काय उभा करनार?"

"अहो मावशी, ते सरळ व्हायला..." डॉक्टर सांगत होता, पण मावशी तोवर जिना उतरून रिक्षात बसली होती.

दुसरा पालघरचा, डॉक्टर मेहुल. इथे मावशीने आधी फोनच करू दिला नाही. माल बघितल्याशिवाय भाव कशाला विचारायचा, असा तिचा हिशेब. मेहुलचे दात मात्र एका ओळीत, पांढरेशुभ्र. मावशीने ते मोबाइलच्या उजेडात दाढेपर्यंत पाहिले आणि खूश होऊन स्वतःचं तोंड उघडलं. तेवढ्यात उत्कर्षाचा फोन लागला. यांचं नाव आधी होतं, आता नाही, असं तिकडून उत्तर आलं. काउंटरवरची बाईही म्हणाली की डॉक्टरांनी ते पॅनेल कधीच सोडलं.

मावशीने सुनेच्या हातातून फोन ओढला. "बाई, इसका दात मैं खुद देखी. एकदम ताजा है. तुम इसको घे लो ना पॅनल में."

पलीकडच्या मुलीने फोन केल्याबद्दल आभार मानले आणि आमची सेवा कशी वाटली ते विचारलं. कशी वाटली ते मावशीने सांगितलं. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हळद जवळ येत चालली. चंद्रकांता आता संध्याकाळी ओट्यावर बसून मोठ्याने सराव करू लागली. विमावाल्यांच्या यादीत जाण्याजोगं एकच नाव उरलं होतं, मनोरच्या डॉक्टर दीपिका. उत्कर्षाने या वेळी सासूचं न ऐकता आधी नोंद तपासली, आणि दोघी एसटीने मनोरला गेल्या. दीपिकाबाई समजूतदार. मावशीने सांगताच त्यांनी हसत तोंड उघडलं.

मावशी बघतच राहिली. "अशे. अगदी अशेच पायजेत मला."

"यातले पुढचे दोन माझे नाहीत हो," दीपिकाबाई म्हणाल्या. "कॉलेजात स्कूटीवरून पडले होते. हे बसवलेले आहेत. बोईसरला निमेश म्हणून आहे, त्याने बसवले. पुढच्या दाताचे पेशंट मीसुद्धा त्याच्याकडेच पाठवते."

उत्कर्षा खिडकीपाशी जाऊन हायवेवरचे ट्रक बघत उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

परतीच्या एसटीत मावशी जिभेने तुटका दात चाचपत बसली. पालघर आलं तेव्हा तिने हळूच विचारलं, "तो तारेवाला पॅनेलवर हाय ना गं अजून?"

उत्कर्षाने पुन्हा फोन लावला. पुन्हा बासरी. नोंद नव्याने करायचं चालू आहे, जरा थांबा, असं उत्तर आलं आणि परत बासरी सुरू झाली. मावशी खरोखर घाबरली. लिलावात कधी डगमगली नाही ती बाई फोनकडे टक लावून बसली होती. अखेर "हाँ जी, हैं," असं ऐकू आलं, तेव्हा मावशीने सुनेचा मोबाइल घेऊन कपाळाला लावला.

दुसऱ्या दिवशी तिला दारात बघताच निमेशने आपणहून मास्क खाली ओढला आणि मोठा आ केला. "बघून घ्या आधी."

"नको. आता माजंच बगा," मावशी खाली मान घालून म्हणाली. राग जावा म्हणून तिने पिशवीभर सुके बोंबील आणले होते. डॉक्टर शाकाहारी निघाला. बोंबील काउंटरवरच्या मुलीने नेले, आणि त्या आठवड्यात क्लिनिकमध्ये मावशीची वट वाढली.

हळदीच्या संध्याकाळी मावशीने पहिलीच ओळ अशी टाकली की वरमाई पदराआड गेली आणि मांडव खदखदून हसला. वारा कुठेच फुटला नाही. चंद्रकांताला काही राहवेना. गाणं संपताच ती हळदीच्या हातांनी पुढे आली. "खोटा कुठला गं? दाव बगू."

सगळ्या बायका गोळा झाल्या. चंद्रकांताने मावशीचा वरचा ओठ कल्ला उचलावा तसा उचलला, निरखून पाहिलं आणि एका दातावर बोट ठेवलं. "हा. लगेच कळतो. कितीबी केलं तरी खोटा तो खोटाच."

बोट देवाने दिलेल्या दातावर होतं. खोटा त्याच्या शेजारी चमकत होता.

उत्कर्षा काहीतरी बोलायला निघाली, पण मावशीने तिचा हात दाबला. ओठावरची हळद पुसली, चंद्रकांताला आपल्या शेजारी बसवून घेतलं आणि पुढचं गाणं उचललं.