नाकवाल्यांचं तळघर

नाकवाल्यांना खऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे. नाकवाले म्हटलं की टेकडीवरच्या द्राक्षमळ्याचे मालक, वाइन करणाऱ्या घराण्याची दुसरी पिढी, हे शेंबड्या पोरालाही कळायचं. लांबलांबचे वाइनवाले बाटल्या घेऊन यायचे आणि म्हणायचे, "जरा वास घेऊन सांगा, हिचं काय बिनसलंय." नाकवाले बाटली ठेवून घ्यायचे आणि म्हणायचे, "उद्या या." लोकांना वाटायचं, काय हा माणूस, उचलली जीभ लावली टाळ्याला असलं काही नाहीच याच्यापाशी. आता खरं काय ते सांगून टाकू. या माणसाला दूध करपल्याचं कळायचं ते धूर डोळ्यांत गेल्यावर.

बाकी माणूस कामाचा, उगाच नावं ठेवू नयेत. छाटणीच्या वेळी वेलीवरचा कुठला डोळा, म्हणजे कोंब, राखायचा आणि कुठला उडवायचा, हे ते चालता चालता सांगत. घड चिरडायचं यंत्र अडलं की बाह्या सरसावून स्वतः त्याच्याखाली शिरत. पण वाइनच्या घराला हवं असतं नाक, आणि आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मळा लावला तो त्यांच्या वडिलांनी. जिथं गवत धड उगवत नव्हतं त्या टेकडीवर म्हाताऱ्यानं पहारीनं खड्डे पाडले, वेली लावल्या आणि टेकडीच्या पोटात तळघर खणलं. तळघराचे कायदे त्याचेच. वाइन मुरली की घरच्या कर्त्यानं एकेक लाकडी पिंप चाखायचं आणि त्यावर खडूनं खूण करायची. रेघ म्हणजे मोठ्या टाकीत मिसळून घराच्या नावानं बाटल्यांत भरायची. फुली म्हणजे बाजूला काढायची. कर्त्यानं केलेली खूण दुसऱ्यानं पुसायची नाही. आणि आणखी एक, स्वयंपाकघरातल्या माणसानं तळघराची पायरी उतरायची नाही, कारण कांदालसणाचा आणि तेलाचा वास अंगाला चिकटून येतो आणि चाखणाऱ्याचं नाक भरकटतं.

म्हातारा अंथरुणाला खिळला तेव्हा त्यानं लेकाला बोलावून सांगितलं, "पाच पेले मागवलेत. एकातली वाइन बिघडायला लागलीय. कुठली ते सांग. नाही सांगता आलं तर मळा विकून मोकळा हो, माझ्या नावाचं मातेरं करू नकोस."

पेल्यांचं तबक घेऊन आली ती नवी सून, लग्नाला चार महिने झालेली. तिचे वडील साबण करायचे. अत्तरांच्या आणि तेलांच्या बाटल्यांत ती लहानाची मोठी झाली होती. दाराबाहेर नवऱ्याचं तोंड चुन्यासारखं पांढरं पडलेलं बघून तिला दया आली आणि ती पुटपुटली, "चौथा."

नाकवाल्यांनी आत जाऊन पाचही पेले नाकाशी धरले, भुवया आवळल्या आणि चौथा बाजूला केला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं उशीखालचा खडू काढून लेकाच्या हातात दिला आणि महिन्याभरात निवांत डोळे मिटले.

तिथून तीस वर्षं असंच चाललं. वाइन मुरली की नाकवाले प्रत्येक पिंपातून नमुना काढत, छोट्या बाटल्यांत भरत आणि "जरा विचार करतो" म्हणून घरी नेत. बायको चूल बंद करायची, खिडक्या उघडायची, पदराला हात पुसायची आणि एकेक बाटली हुंगायची. "तीन नंबरला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतोय. नऊ नंबर गुणी आहे, पण अजून थांबू दे. सहा नंबर गेलं कामातून." नाकवाले तिचा शब्दन् शब्द पाठ करायचे आणि दुसऱ्या सकाळी तळघरात डोळे मिटून म्हणायचे, "ओला पुठ्ठा." कामगार एकमेकांकडे बघायचे.

एकदा ती म्हणाली होती, "अहो, मीच येऊ का खाली? इथं भाजीच्या वासात किती अंदाज करायचा?"

"अगं, बाबांचा कायदा आहे. आणि लोक काय म्हणतील?"

तिनं परत विचारलं नाही. त्यांनीही विषय काढला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. यांची मूठ इतकी वर्षं झाकलेली होती की आत दुसऱ्याचा माल आहे हेसुद्धा ते अधूनमधून विसरायचे.

त्यांना एकच मुलगी. तिला स्वयंपाकघराचं वावडं, म्हणून आजोबांचा कायदा तिला आपोआपच लागू झाला नाही. शिक्षण आटोपून ती तळघरात कामाला लागली. पिंपं घासायची, नळ्या धुवायची, नमुने काढायची. नाक आईचं घेऊन आली होती. वाइनपासून लांब उभी राहूनसुद्धा नेमकं बोलायची.

ज्या वर्षी हे सगळं घडलं त्या वर्षी नाकवाल्यांच्या बायकोच्या बहिणीचं ऑपरेशन झालं आणि बायको तीन आठवडे बहिणीकडे गेली. नाकवाल्यांनी काम लांबवलं. आज यंत्र तपासू, उद्या बुचं मोजू. शेवटी मुकादम म्हणाला, "मालक, टाकी रिकामी पडलीय. नवी द्राक्षं दारात येतील आता." बावीस वर्षं तिथं काम केलेला मुकादम तो, त्याला किती थापा मारणार? नाकवाले खडू घेऊन खाली उतरले.

अकराव्या पिंपापाशी मुलगी म्हणाली, "बाबा, हे आंबट व्हायला लागलंय. नीट वास घ्या."

नाकवाल्यांनी नमुन्याच्या पेल्यात नाक खुपसलं. वाइनचा वास आला. वाइनला वाइनचा वास येणार नाही तर काय येणार? मागे मुकादम आणि सहा कामगार उभे होते. त्याच क्षणी त्यांनी फुली मारली असती, फार तर एक पिंप फुकट गेलं असतं. पण मुलगी सांगणार आणि बाप ऐकणार, तेही सगळ्यांदेखत? नाकवाल्यांना ते झेपलं नाही.

"तुझं नाक अजून कोवळं आहे," ते म्हणाले आणि त्यांनी ठसठशीत रेघ ओढली.

अकरावं पिंप टाकीत गेलं. दीड महिन्यात अख्खी टाकी आंबली. वर्षाची सगळ्यात चांगली वाइन व्हिनेगरवाल्याच्या गाडीत चढली. कामगार गाडीच्या बाजूला मान खाली घालून उभे होते आणि नाकवाल्यांना वाटलं, हे सगळे आपल्याच नाकाकडे बघताहेत. नाचता येईना अंगण वाकडं. त्यांनी विचारलं, "टाकी भरताना नळी कुणी धुतली होती?"

"मी," मुलगी म्हणाली.

"नीट धुतली नसणार."

तिनं ती तीनदा धुतली होती. तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकानं ते पाहिलं होतं. तिनं बापाकडे बराच वेळ पाहिलं आणि आठवड्याभरात ती नदीपलीकडच्या बागवाल्यांकडे पिंपं घासायच्या कामावर रुजू झाली. बायको परत आली तेव्हा नाकवाल्यांनी तिलाही नळीचंच सांगितलं. तिनं टाकीच्या तळाशी उरलेला पेलाभर नमुना मागवला, हुंगला आणि बेसिनमध्ये ओतला. त्या दिवसापासून ती त्यांच्याशी कामापुरतं बोलू लागली.

दोन वर्षं गेली. नाकवाल्यांना स्वतःची इतकी लाज वाटायची की दाढी करताना ते आरशात फक्त हनुवटी बघायचे. मुलगी फोन करायची तो आईला. "बाबा बरे आहेत ना?" एवढंच विचारायची.

मग एका सकाळी नदीपलीकडचे बागवाले स्वतः आले. ओसरीवर मुकादम कामाचं विचारायला उभा होता, बायको चहा घेऊन आली होती. बागवाले म्हणाले, "तुमच्या लेकीला मी तळघराची मुख्य करणार होतो. पोरगी हुशार आहे. पण माझी माणसं म्हणतात, हिनं बापाची टाकी नासवली, घाणेरडी नळी लावून. एवढी मोठी जोखीम, म्हटलं तुम्हालाच विचारावं. तुमचा शब्द माझ्यासाठी शेवटचा. पोरगी निष्काळजी आहे का?"

मान हलवून नाही म्हटलं असतं तरी भागलं असतं, असं नाकवाल्यांच्या मनात आलं, आणि असं मनात आलं याचीही लाज वाटली.

"नळी स्वच्छ होती," ते म्हणाले. "पिंप बिघडलेलं होतं. तिनं मला सांगितलं होतं. मला कळलं नाही. मला कधीच काही कळत नाही. वास हा प्रकारच मला कळत नाही. तीस वर्षं हिनं घरात बसून सांगितलं आणि मी खाली जाऊन बोललो."

बागवाले खो खो हसले. "बापाची माया काय असते बघा. लेकीसाठी स्वतःचं नाक कापून द्यायला निघाले. नाकवाले, मला काय दूधखुळा समजता?"

इतकी वर्षं खोटं बोलले ते लोकांनी डोक्यावर घेतलं, आणि खरं बोलले तर हा माणूस हसतोय. नाकवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. ती कप बशीत ठेवून म्हणाली, "खरं आहे ते."

बागवाल्यांचं हसू थांबलं. मुकादम चपलेनं जमीन उकरत होता. तो खालमानेनं म्हणाला, "आम्हाला माहीत होतं, मालक. वहिनी घरात नसल्या की तुमचा खडू चालायचा नाही. पहिल्या दोन वर्षांतच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही माणूस चांगले होता. वाइनही चांगली व्हायची. कशाला बोलायचं? पण त्या दिवशी पोरीबद्दल बोलायला हवं होतं. माझंही चुकलं."

म्हणजे झाकलेली मूठ सगळ्यांना आरपार दिसत होती. लोक त्यांच्यावर भुलून गप्प नव्हते. त्यांची कीव करून गप्प होते. नाकवाल्यांना उठून आत जावंसं वाटलं, पण ते बसून राहिले.

बागवाले गेल्यावर त्यांनी मुलीला फोन लावला. दोन वर्षांत पहिल्यांदा. सगळं सांगून झाल्यावर विचारलं, "तुलाही माहीत होतं?"

"बाबा, मी त्याच घरात वाढले ना," ती म्हणाली. "आई हुंगायची आणि तुम्ही पाठ करायचात, ते मी दर वर्षी बघत होते."

"मग त्या दिवशी सांगून का नाही टाकलंस सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर तुमचं नाक कापू? मी वाट बघत होते. वाटलं, तुम्हीच म्हणाल, नळी स्वच्छ होती." मग म्हणाली, "मालकांचा आत्ताच फोन येऊन गेला, उद्यापासून मला इथली जबाबदारी मिळतेय. तिकडे नाही येणार मी आता. तुम्ही आईला खाली घेऊन जा."

ज्या पोरीला त्यांनी चारचौघांत खाली पाहायला लावलं होतं, तिनं त्यांची अब्रू दोन वर्षं दुसऱ्याच्या दारात सांभाळली होती. तिसरी पिढी घडली होती, दुसऱ्याच्या तळघरात. याचा दोष द्यायला आता कुठलीही नळी नव्हती.

दुपारी ते स्वयंपाकघराच्या दारात आले. "चल," म्हणाले.

"कुठं?"

"खाली."

बायकोनं गॅस बंद केला, साबणानं हात धुतले, पुन्हा धुतले. बत्तीस वर्षांत ती पहिल्यांदा तळघराच्या पायऱ्या उतरली, भिंत चाचपत, एकेक पायरी पायानं शोधत. खाली मुकादमानं दिवा लावला होता. दोन्ही बाजूंना पिंपांच्या रांगा लागल्या होत्या. ती पहिल्या पिंपापाशी थांबली आणि तिनं वर बघितलं, कारण ते तिच्या डोक्याच्याही वर गेलं होतं. लाकडावर तिनं तळहात ठेवला.

"अय्या," ती म्हणाली, "एवढी मोठी असतात होय पिंपं? मला वाटायचं, घागरीएवढी असतील."