दगडीपाला कुठवर

मानवतजवळच्या आमच्या शेतात एक बाई दर हंगामात खुरपायला येते. तण उपटता उपटता त्याचे गुण सांगते, कुणी विचारो न विचारो.

"हा माका, केसाला. ही घेटुळी, सुजीवर. अन् ह्यो दगडीपाला. चुरगाळून रस लावा, रगत थांबतंय."

बरोबरच्या बाया तिला "डॉक्टरीणबाई" म्हणून चिडवतात. मी मात्र तिचं सगळं सांगणं क्रमवार वहीत उतरवून घेतलं होतं.

गेल्या श्रावणात बांधावरचं गवत कापताना माझ्या जाऊबाईंच्या मनगटावर विळा बसला. मला लगेच दगडीपाला आठवला. मूठभर ओरबाडला आणि हातात चुरगाळत धावत गेले. डॉक्टरीणबाईने माझा हात झटकला.

"फेका ते, ताई! रगत उडायलंय, दिसंना का? पाला खरचटल्यावर लावायचा. ह्याला टाके लागतेत."

भाकरी बांधून आणलेलं धुतलेलं फडकं तिने जखमेवर दाबलं, जाऊबाईंचा हात उंच धरला आणि तशीच त्यांच्याबरोबर रिक्षात बसली. मीही चढले.

वाटेत जाऊबाईंनी बारीक आवाजात विचारलं, "मी वाचते का गं?"

"न वाचायला काय झालं? अर्धं गवत राहिलंय, ते कोण कापील?"

दवाखाना येईपर्यंत तिने दाब जराही सैल होऊ दिला नाही. टाके घालायला डॉक्टर म्हणाले, "आता सोडा," तर तिची बोटं उघडेनात. ती मी एकेक करून सोडवली.