मोजपट्टी बदला, मियाँ

कुणाचंही भांडण दिसलं की आमचे सर मध्ये पडत आणि म्हणत, "मोजपट्टी बदला मियाँ. उत्तर बदललं, तर उत्तरच खोटं."

सर विद्यापीठात गणित शिकवत, राहत विद्यानगरला. घराणं मराठवाड्यातलं, पण हैदराबादेत इतकं मुरलेलं की मराठीतही 'हौ' आणि 'नक्को' कायमचे मुक्कामाला. एकदा नामपल्लीला गाडी पकडायला निघालो, तर मध्येच रिक्षा वळवून त्यांनी दुसरा रस्ता धरला. गाडी चुकली. "पण स्टेशन दोन्हीकडून तेच निघालं," सर खूश.

तुम्हीही असं एखादं माणूस पाहिलं असेल.

त्यांचा विषय क्वांटम गेज सिद्धांत; गेज म्हणजे मोजपट्टीच. अणूच्या गाभ्यातल्या बलांबद्दल भौतिकवाल्यांची उत्तरं बरोबर येतात; ती बरोबर का येतात, हे गणिताने सिद्ध करायला सर बसले होते. अवकाशावर जाळी टाकायची, तिच्यावर गणित मांडायचं, मग जाळीची भोकं शून्याकडे न्यायची. भोकं बारीक होत गेली, सरांचे केस पांढरे होत गेले.

तेव्हा शहरात गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते. सरांचे विद्यार्थी एकेक करून तिकडे गेले. उरलो मी.

"क्या प्रोफेसरसाब, एकच शागिर्द?" सहकारी चिडवत.

"हौ. एक बस है."

अखेर सिद्धता पुरी झाली. छापायला पाठवण्याआधी त्यांनी ती मला तपासायला दिली. मी त्यांचीच शिकवण वापरली, मोजपट्टी बदलली. समीकरणात एक पद उरलं. काही केल्या जाईना. उत्तर बदललं होतं.

दुसऱ्याची चूक सापडली तरी माफी मागणारा मी. त्यांच्या घरी जाऊन म्हटलं, "सर, माझंच काहीतरी चुकलं असेल."

त्यांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. मग आत काकूंना हाक मारली, "अहो, ऐकलं का? पोरानं आपलं घर पाडलं! काय सुरेख पाडलंय! डबल का मीठा मागवा."

मला आग्रहाने दोनदा वाढलं. त्यांची वाटी तशीच राहिली.

पुढे मीही कॉम्प्युटरकडे वळलो. निरोप घेताना मान वर होईना. "जा मियाँ," ते म्हणाले, "खरं जग जाळीवरचं नाही, चार मितींचं. तिथं राहायला पगार लागतो." ते मात्र त्या एका पदाशी अखेरपर्यंत झुंजत राहिले.

ते गेल्यावर काकूंना भेटायला गेलो.

"तू तपासलं होतंस ना? त्यांचं ते झालं का रे पुरं?"

खोटं बोलवेना. "नाही काकू. पण ते अजून जगात कुणालाच जमलेलं नाही."

"कुणालाच?"

"कुणालाच."

काकू सावरून बसल्या. "मग ठीक आहे," म्हणाल्या, "मला इतकी वर्षं वाटत होतं, यांनाच जमलं नाही."